दाराच्या सेन्सरला वायफाय कशाला?

दार उघडलं की लागलं, एवढंच त्या सेन्सरला सांगायचं असतं. दिवसाकाठी मोजके बाइट. तेवढ्यासाठी बॅटरीवरचा वायफाय सेन्सर घेणं मला मुळीच पटत नाही. राउटरशी जोडणी करताना वायफायची चिप क्षणभर शे-दोनशे मिलिअँपिअर सहज ओढते. सीआर२०३२ हा बटण सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा, त्याला हा झटका झेपत नाही, व्होल्टेज बसतं. झिगबी (घरातल्या स्मार्ट उपकरणांसाठीचा, कमी वीज खाणारा रेडिओ) किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर (ब्लूटूथचा कमी वीज खाणारा प्रकार) हाच सेल वर्षभरही पुरू शकतो. कॅमेऱ्याचं मात्र उलट. झिगबीचा वेग कागदावरच सेकंदाला २५० किलोबिट, प्रत्यक्षात आणखी कमी. व्हिडिओला वायफायच हवं.

खोक्यावरच्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नका. झिगबीत सिग्नल पुढे पोचवतात ते सहसा सतत विजेवर असलेले प्लग आणि बल्ब. बॅटरीवरचे सेन्सर हे काम करत नाहीत. म्हणून कोणी भिंतीवरचं बटण दाबून स्मार्ट बल्ब बंद केला, की पलीकडच्या खोलीतला सेन्सर गायब होतो. दोष सेन्सरचा नसतो, मधला दुवाच तुटलेला असतो. अशा ठिकाणी बल्बऐवजी प्लगवर भिस्त ठेवा.

खरी गर्दी २.४ गिगाहर्ट्झवर आहे. वायफाय, ब्लूटूथ, झिगबी, थ्रेड (झिगबीसारखाच कमी विजेचा रेडिओ), सगळे तिथेच. (मॅटर हा रेडिओ नव्हे, स्मार्ट उपकरणांची रेडिओच्या वर चालणारी सामाईक भाषा आहे, ती थ्रेडवरही चालते, वायफायवरही.) राउटर १, ६ किंवा ११ नंबरच्या चॅनेलवर ठेवा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की मोकळ्या फटी बुजतात. वायफायचा ११ नंबर २४७२ मेगाहर्ट्झला संपतो आणि झिगबीचा २५ नंबर २४७५ वर बसतो, म्हणून माझी पसंती २५ ला. २६ आणखी लांब आहे, पण त्यावर काही उपकरणं कमी ताकदीने बोलतात.

आणि झिगबीचा डोंगल (कॉम्प्युटरला झिगबीशी जोडणारी यूएसबी काडी) यूएसबी ३ च्या पोर्टात थेट खुपसू नका. त्या पोर्टाचा आणि शेजारच्या हार्ड डिस्कचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. यूएसबी २ चं पोर्ट आणि मीटरभराची एक्स्टेन्शन केबल, एवढ्यानेच कितीतरी 'खराब' सेन्सर बरे होतात.

झिगबीचं चॅनेल पहिलं उपकरण जोडण्याआधीच ठरवा. नंतर बदललात तर बॅटरीवरचे काही सेन्सर मागे राहतात आणि एकेक करून पुन्हा जोडावे लागतात.