ती गुरं लिलावाला चाललेली नाहीत

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या रस्त्यावरून लांब शिंगांची गुरं चालल्याचा व्हिडिओ 'दीडशे वर्षं रोज भरणारा गुरांचा लिलाव' म्हणून फिरतोय. तसं नाही. ही गुरं पर्यटकांसाठी दिवसातून दोनदा फिरवली जातात, आणि तेही १९९९पासून. दीडशे वर्षांपूर्वी कळप इथून नुसते पुढे, उत्तरेच्या कॅन्सस राज्यातल्या रेल्वेकडे हाकले जात. रेल्वे इथे पोचली १८७६मध्ये. इथला गुरांचा बाजार फुगला तो १९०२च्या सुमारास आर्मर आणि स्विफ्ट या कंपन्यांचे मांस-कारखाने आल्यावर. १९४४मध्ये पन्नास लाखांवर जनावरं आली (त्यात मेंढ्या-डुकरंही होती, हे कुणी सांगत नाही). पुढे ट्रक आले, लिलाव रँचजवळच्या (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांजवळच्या) गावांत गेले. १९८६ची आवक जेमतेम ५७ हजार.