‘कार्डिओने ताकद मरते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पळणं आणि वजनं दोन्ही करावीत, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘हिक्सनने 1980 मध्येच सिद्ध केलंय की कार्डिओने ताकद मरते. ज्याने जिममध्ये कधी घाम गाळला नाही, त्याने असले सल्ले देऊ नयेत.’ (कार्डिओ म्हणजे पळणं, सायकल असा दमसासाचा व्यायाम; हिक्सन हे व्यायामावर प्रयोग करणारे संशोधक.) पुढे वय, प्रथिनं आणि लेखाच्या लांबीवरही ताशेरे आहेत.

आधी दुसऱ्या वाक्याबद्दल, कारण तेच लागलं. मत पटलं नाही तर खुशाल खोडून काढा. पण समोरचा काय करतो हे न विचारताच त्याची लायकी ठरवायची, ही कुठली रीत? मी तरुणपणी फक्त पळायचो. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा फिजिओने स्क्वॉट (उठाबशा) करायला लावले. तेव्हापासून वजनंही सुटली नाहीत आणि पळणंही. बारवरचं वजन वाढत गेलं त्याच काळात पळण्याचा वेगही सुधारला. हे मी ऐकीव लिहीत नाही.

आता हिक्सन. नाव घेतलंत, तर प्रयोग पूर्ण सांगायचा होता. एका गटाने आठवड्याचे 5 दिवस पायांसाठी जड वजनं उचलली. दुसऱ्याने 6 दिवस, रोज 40 मिनिटांपर्यंत दमसासाचा व्यायाम केला: एक दिवस सायकलवर जवळजवळ पूर्ण ताकदीचे पाच-पाच मिनिटांचे टप्पे, दुसऱ्या दिवशी जमेल तितक्या जोरात पळणं. तिसऱ्या गटाने हे सगळंच केलं. आठवड्याला 11 सत्रं, तेच पाय, 10 आठवडे! आणि तरीही सुमारे 7 आठवडे या गटाची ताकद पहिल्या गटासारखीच वाढत होती. मग ती थबकली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात उतरली. दमसास मात्र शेवटपर्यंत दुसऱ्या गटाइतकाच वाढला. यातून ‘ताकद मरते’ कसं निघतं? निघतं ते एवढंच, की विश्रांती न देता पाय पिळून काढले तर कधीतरी ते वाढायचं थांबतात.

आठवड्यातून तीनदा बेताचं पळणाऱ्या आणि दोनदा वजनं उचलणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष लावणं चूक आहे. माझा लेख त्याच माणसासाठी होता. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली ताकद तर बरीचशी मज्जासंस्थेतून येते. आहेत तेच स्नायुतंतू जास्त संख्येने एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकतं. पळण्यामुळे स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. यातलं ताकदीचं शत्रू काय आहे, ते आपण सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मान्य करतो. लांबवर पळून लगेच वजनं उचलली तर थकलेल्या पायांनी सेट नीट होत नाहीत. शिवाय उडी, झेप अशा स्फोटक ताकदीत दमसासाच्या व्यायामाचा अडथळा जास्त दिसतो. उंच उडी मारणाऱ्याने जपून राहावं. एएमपीके आणि एमटॉर या पेशीतल्या दोन नियंत्रक प्रथिनांची ओढाताणही खरी आहे: ऊर्जा कमी पडली की पहिलं जागं होतं आणि प्रथिनं घडवायला लावणाऱ्या दुसऱ्याला आवर घालतं. पण आवर म्हणजे मरण नव्हे. काही तास गेले, पोटात अन्न गेलं की काम पुन्हा सुरू होतं.

बाकीचं थोडक्यात. वय झालं की ताकद वाढत नाही असं म्हणाल, तर 1990 मध्ये संशोधक फियाटारोन यांनी नव्वदीच्या वृद्धांकडून 8 आठवडे वजनी व्यायाम करून घेतला आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. प्रथिनांवर वाद घालायची माझी इच्छा नाही. लांबीबद्दल काही म्हणायचं नाही.

लेखातला सल्ला तसाच राहील: दोन्ही करा, जमेल तर वेगवेगळ्या दिवशी, एकाच दिवशी करायचं असेल आणि ताकद महत्त्वाची असेल तर वजनं आधी. यावर आक्षेप असेल तर जरूर लिहा. माझ्या घामाचा हिशोब मात्र पुन्हा मागू नका, तसली प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.