नगरसेवक नसलेलेच बरे?

मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात पुण्याला फोन केला की भाऊ हमखास म्हणायचा, "नगरसेवक नाहीत तेच बरंय. मध्ये हात घालणारं कोणी नाही." माझ्या बऱ्याच मित्रांचंही हेच मत. मला ते तेव्हा पटलं नाही, आणि इथे इंग्लंडमध्ये एका नगरसेवकाने भरपूर मनस्ताप दिल्यावरही पटत नाही.

पत्नीला संधिवातामुळे जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्यावर मागच्या बाजूला खोली आणि बाथरूम वाढवायचा अर्ज आम्ही केला होता. असे अर्ज बहुधा अधिकारीच निकालात काढतात. पण बऱ्याच कौन्सिलांत, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकांत, वॉर्डाचा नगरसेवक अर्ज प्लॅनिंग कमिटीपुढे, म्हणजे बांधकामाच्या अर्जांवर मतदान करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीपुढे, न्यायला लावू शकतो. आमचा तसा गेला. अधिकाऱ्यांचा अहवाल मंजुरीच्या बाजूने होता. मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. तेवढा वेळ आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मोबाईल चाळत होते, आणि माझं संपल्यावर मान वर करून त्यांनी विचारलं, "अजून किती नातेवाईक येऊन राहणार आहेत?" शेजाऱ्याचा उजेड अडतो का, भिंत किती उंच, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. हे विचारायचा नव्हता. अध्यक्षांनी अडवलं नाही. अर्ज फेटाळला गेला.

अशा वेळी संतापाच्या भरात सगळं एकाच पत्रात लिहावंसं वाटतं. तसं करू नये. निर्णय चुकला ही एक तक्रार, माणूस नीट वागला नाही ही दुसरी, आणि दोन्हींची दारं वेगळी आहेत. निर्णयाविरुद्ध प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे अपील. घराच्या अर्जाला त्याची मुदत 12 आठवडे. वागणुकीची तक्रार कौन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे (नियम पाळले जातात का ते पाहणारा अधिकारी), कारण 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टनुसार प्रत्येक कौन्सिलला नगरसेवकांसाठी आचारसंहिता ठेवावीच लागते. बैठकीचं रेकॉर्डिंग होतं. त्यातली वेळ आणि बोललेले शब्द जसेच्या तसे दिले, विशेषणं टाळली. इन्स्पेक्टरने फक्त बांधकाम पाहिलं आणि परवानगी दिली. ऑफिसरने आचारसंहितेचा भंग झाल्याचं लेखी नोंदवलं आणि माफी मागायला सांगितलं. दोन ओळींची माफी आली.

शिक्षा एवढीच, कारण 2012 पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना नगरसेवकाला निलंबित करताच येत नाही. सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार द्यावा, असा प्रस्ताव सरकारने डिसेंबर 2024 मध्ये मांडला. तो लवकर अमलात यावा असं मला मनापासून वाटतं. या बाबतीत आपला कायदा कडक आहे: नगरसेवकाने स्वतः बेकायदा बांधकाम केलं तर महाराष्ट्रात त्याचं पदच जाऊ शकतं.

तरी खरा फरक शिक्षेत नाही. इथल्या नगरसेवकाला माझ्या अर्जावर मताचा अधिकार होता, म्हणून त्याला ते सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यापुढे द्यावं लागलं, आणि म्हणूनच मला त्याला धरता आलं. पुण्यात बांधकाम परवानगीवर नगरसेवकाची सही नसते. ती आयुक्तांच्या अखत्यारीतली गोष्ट. त्याचं वजन चालतं ते फोनवर, आणि फोनची नोंद फायलीत होत नाही. नगरसेवक गेले म्हणून फोन थांबत नाहीत, करणारे बदलतात. आणि ज्याला पाच वर्षांनी पाडता येतं असा एकमेव माणूस मात्र त्या साखळीतून गळतो.

जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होऊन सभागृहं पुन्हा भरली आहेत. भावाला आणि मित्रांना माझं सांगणं एवढंच, की आता आपापल्या नगरसेवकाकडे दोन मागण्या लावून धरा: प्रत्येक समितीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग महापालिकेच्या वेबसाइटवर हवं, आणि परवानगीच्या फायलीबद्दल कोणी फोन केला, काय सांगितलं, हे त्याच फायलीत नावासकट लिहिलं गेलं पाहिजे.