फ्रीच्या मागे, फ्रीच्या पुढे

छापलेलं काहीही दिसलं की ते वाचल्याशिवाय मला राहवत नाही. औषधाच्या खोक्यातला तो एकदा उलगडला की पुन्हा घडी न होणारा कागद, शाम्पूच्या बाटलीची पाठ, शर्टाच्या कॉलरमागची पट्टी, सगळं. या वाचनात माझा सर्वात जास्त छळ कुणी केला असेल तर तो ‘फ्री’ने.

सुरुवातीला मी एक नियम बसवला होता. फ्री आधी आला की वस्तू मिळते, नंतर आला की मिळत नाही. ‘फ्री ब्रश’मध्ये ब्रश आहे, ‘शुगर फ्री’मध्ये साखर नाही. (साखर फुकट मिळेल म्हणून रांगेत उभं राहणाऱ्याचा विनोद आता इतका शिळा झालाय की तो मी सोडून देतो.) नियम मोठा सुटसुटीत होता, टिकला मात्र नाही.

एक तर ‘नाही’ म्हणजे अगदीच नाही, असं नाही. कोडेक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार 100 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम साखर असली तरी शुगर फ्री छापता येतं. ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) फ्रीला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मुभा. इथवर माझी तक्रार नाही, प्रयोगशाळेलाही कुठेतरी थांबावंच लागतं. पण अमेरिकेत हा हिशेब एका ‘सर्व्हिंग’वर, म्हणजे एका वेळी घ्यायच्या छापील मापावर चालतो. त्यात चरबी अर्ध्या ग्रॅमहून कमी असली की झालं फॅट फ्री. त्यामुळे तिथे तव्यावर मारायच्या तेलाच्या फवाऱ्यावर ‘फॅट फ्री’ स्वयंपाकाची ग्वाही असते. डब्यात तेल, तेल म्हणजे चरबीच, आणि सर्व्हिंग किती? पाव सेकंदाचा फवारा! पाव सेकंदात बोट दाबून उचलणारा आचारी मला एकदा डोळे भरून पाहायचा आहे. माझी तेवढ्यात शिंकसुद्धा पुरी होत नाही.

चेहऱ्याच्या क्रीमने तर माझ्या नियमाचं कंबरडंच मोडलं. डबीच्या पुढे ‘पॅराबेन फ्री’ (पॅराबेन म्हणजे क्रीम टिकवणारं रसायन), मागे ‘फ्री रॅडिकल्सपासून संरक्षण’. माझ्या नियमाने पॅराबेन गायब आणि रॅडिकल्स भेट! रसायनशास्त्रात फ्री रॅडिकल म्हणजे जोडी न जमलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा अणू किंवा रेणू. समोर दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून तो आपली जोडी जमवू पाहतो. म्हणजे इथे फ्री म्हणजे सडाफटिंग.

‘फ्री साइज’ कपडा सगळ्यांना होतो, म्हणजे कुणालाच धड होत नाही. ‘रॉयल्टी फ्री’ छायाचित्राचे बहुधा आधी पैसे मोजायचे. नंतर दर वापरामागे मागत नाहीत, एवढंच. आणि ‘ड्यूटी फ्री’! 1947 साली आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर असं पहिलं दुकान निघालं. तेव्हापासून माणसं कर वाचतो या आनंदात नको त्या वस्तू विकत घेत आली आहेत.

संगणकवाल्यांची व्यथा वेगळीच. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ काढलं आणि मग सांगत बसावं लागलं की बाबांनो, हा ‘फ्री’ भाषणस्वातंत्र्यातला, फुकटच्या बिअरमधला नव्हे. पुढे त्या गोटात ‘लिब्रे’ (म्हणजे स्वतंत्र) हा परका शब्द जोडीला आणावा लागला. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांची ही गत, मग मी कोण?

या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो ‘फ्रीलान्स’. लान्स म्हणजे भाला. कुणा एका सरदाराच्या पदरी नसलेल्या, पैसे देईल त्याच्या बाजूने लढणाऱ्या मध्ययुगीन भालेकऱ्यासाठी 19व्या शतकातल्या इंग्रजी लेखकांनी हा शब्द वापरला. त्याची निष्ठा मोकळी होती, भाला रोख पैशांवरच चालायचा. मीही अधूनमधून फ्रीलान्स लिहितो. मागे एका संपादकांना मानधनाचं भीत भीत विचारलं, तर ते खरोखरच गोंधळले.

“पण तुम्ही फ्रीलान्स ना?”