डबल स्टँडला ताकद नव्हे, पद्धत लागते

मोटारसायकल डबल स्टँडवर लावणे हे दणकट माणसाचे काम आहे, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की नव्याने गाडी शिकणारे बरेच जण, आणि मुली तर बहुतेक जणी, त्या वाटेला जातच नाहीत. साइड स्टँड लावायचा आणि निघायचे. गरज पडलीच तर सोसायटीच्या वॉचमनकाकांना किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला हाक मारायची. स्वतःच्या पैशाने घेतलेली आणि घाटातून चालवता येणारी गाडी उभी करण्यासाठी कुणाची वाट पाहावी लागावी, हे मला मुळीच पटत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यात ताकद कमी आहे असे नसून त्यांना नीट दाखवलेलेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे शिकवणारा माणूस ‘लाव जोर, ओढ मागे’ एवढेच सांगतो, आणि नेमके तेच करायचे नसते.

गाडीखाली काय घडते ते आधी पाहू. स्टँड गाडीच्या सांगाड्याला आडव्या बोल्टवर अडकवलेला असतो आणि एरवी स्प्रिंगने मागे, वर ओढून धरलेला असतो. पायाने तो खाली दाबला की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात, परंतु ते तिरके, बोल्टच्या थोडे मागे टेकतात. गाडी स्टँडवर चढते म्हणजे ती मागे सरकत या दोन पायांच्या माथ्यावरून पलीकडे जाते. आपण तिला सरळ वर उचलत नसतोच. ती एका लहानशा कमानीवरून मागे जाते आणि त्या प्रवासात तिचे वजन फार तर दोन-तीन सेंटिमीटर वर चढते. डाव्या बाजूला पाय देण्यासाठी जी दांडी असते ती स्टँडच्या पायापासून मागे निघालेली असते. तिच्यावर भार पडला की पहारीने दगड उलथावा तसा स्टँड जमिनीवरच्या टोकाभोवती फिरतो आणि गाडीला मागे-वर ढकलतो. ढोबळ हिशेब करून पाहा. 195 किलोची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 दोन सेंटिमीटर वर चढवायची आहे आणि दांडीवर उभे राहणारे माणूस 55 किलोचे आहे, असे धरले, तर त्या माणसाचे शरीर दांडीसोबत सात-आठ सेंटिमीटर खाली आले की काम भागते. दंडाच्या स्नायूंना या हिशेबात जागाच नाही. साधारण 112 किलोच्या स्प्लेंडरसाठी तर याहूनही कमी पुरते.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी न्यूट्रलमध्ये असावी, हँडल सरळ असावे आणि ब्रेकच्या लिव्हरवर बोट नसावे, कारण गाडीला मागे सरकायचे आहे. ब्रेक दाबून धरला तर तिची वाटच बंद होते, आणि ‘माझ्याच्याने होत नाही’ असे म्हणणाऱ्या कितीतरी जणांची बोटे मी ब्रेकवर आवळलेली पाहिली आहेत. गाडीच्या डावीकडे उभे राहून डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर ठेवावा. उजवा हात मागच्या कॅरियरला किंवा सीटखालच्या पकडीला, म्हणजे जे काही सांगाड्याला घट्ट बसवलेले असेल त्याला धरावा. बुलेटच्या घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूला त्यासाठीच एक पकड दिलेली असते. सीटची रेक्झिन, इंडिकेटर किंवा मडगार्ड धरून ओढू नये; हातात ताकद येत नाही आणि वस्तू मात्र तुटते.

यानंतरचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तोच सगळे जण गाळतात. उजव्या पायाने दांडी हलकेच दाबून स्टँड जमिनीला टेकवावा आणि तेवढ्यावर थांबावे. बहुतेक वेळा गाडी आपल्या बाजूला किंचित कललेली असल्यामुळे स्टँडचा डावा पाय आधी टेकतो आणि उजवा अधांतरी राहतो. या अवस्थेत जोर लावला तर गाडी चढत तर नाहीच, उलट एका पायावर फिरून पलीकडे जायला पाहते, आणि पडण्याची भीती मनात बसते ती इथेच. म्हणून दांडीवरचा दाब तसाच ठेवून हँडलने गाडी हळूहळू सरळ उभी करावी आणि डावी-उजवी अगदी थोडी डोलवावी. फरशीवर किंवा डांबरावर एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून ‘टक्’ असा आवाज येतो, तळपायालाही तो जाणवतो. दोन्ही पाय टेकले की हातातले वजन एकदम नाहीसे होते आणि दोन बोटांनी धरली तरी गाडी सरळ राहते. तो क्षण ज्याला ओळखता आला त्याला डबल स्टँड आला, असे मी मानतो.

मग फक्त उभे राहायचे. बुटाचा मधला किंवा टाचेकडचा भाग दांडीवर ठेवावा, कंबर गाडीच्या अगदी जवळ आणावी, गुडघा सरळ करावा आणि जिन्याची पायरी चढताना शरीर जसे त्या पायावर येते तसे पूर्ण वजन दांडीवर आणावे. डावा पाय जमिनीवरून सुटला तरी चालेल, किंबहुना सुटलाच पाहिजे. उजव्या हाताचे काम एवढेच की गाडीला मागे जाण्याची दिशा दाखवायची. पाठ वाकवून, दोन्ही हातांनी कॅरियर वर खेचत जे लोक हे काम करतात त्यांची कंबर धरते आणि गाडीही अर्ध्यातून परत खाली येते. नजर समोर किंवा मागच्या पकडीकडे असावी. पायाकडे वाकून पाहिले की अंगाचे वजन पुढे जाते आणि दांडीवरचा भार कमी होतो.

माझ्या भाचीला तिच्या वडिलांची बुलेट चालवायची होती. अंगाने ती अगदी बारीक आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी ‘तुला स्टँड तरी लावता येईल का?’ असे विचारून तिला आधीच अर्धे हरवले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पलीकडून गाडीला नुसता हात लावून उभा राहिलो आणि तिला म्हटले, ‘ओढू नकोस, दोन्ही आवाज आले की सांग.’ सुरुवातीला ती सवयीने हातानेच खेचत होती आणि चेहरा लाल होत होता. नंतर तिने ते दोन आवाज नीट ऐकले, दांडीवर सरळ उभी राहिली, आणि गाडी मागे सरकून स्टँडवर बसली. ‘मामा, मी तर काहीच केले नाही,’ असे ती म्हणाली. योग्य रीतीने केले की प्रत्येकाला असेच वाटते. शिकवणाऱ्याने पलीकडे उभे राहावे, हेही मी आवर्जून सांगेन, कारण शिकणाऱ्याची सगळी धास्ती गाडी उजवीकडे पडेल ही असते. ती गेली की बाकीचे आपोआप जमते.

जमिनीचाही विचार करावा लागतो. चढ असेल तर गाडीचे तोंड चढाकडे असावे, म्हणजे ती स्वतःहून मागे यायला पाहते आणि स्टँडवर सहज चढते. तोंड उताराकडे असेल तर चढवणे जड जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे उभी केलेली गाडी एखाद्या धक्क्याने पुढे निसटू शकते, कारण पुढे ढकलणे हीच डबल स्टँडवरून उतरवण्याची रीत आहे. आडव्या उतारावर हा नाद सोडून द्यावा. कोकणात पावसाळ्यात लाल मातीच्या अंगणात स्टँडचे पाय रुततात आणि मग कितीही वजन टाकले तरी गाडी वर येत नाही. तिथे दोन्ही पायांखाली येईल अशी एखादी रुंद फळी किंवा सपाट चिरा हवा. ओल्या स्लीपरने तर दांडीवर कधीही उभे राहू नये. पाय घसरला की स्प्रिंगने दांडी उसळून नडगीवर बसते, आणि ती जखम बरेच दिवस छळते. मागचे चाक पंक्चर असेल तर गाडी खाली बसलेली असते आणि चढण वाढते. अशा वेळी मागचे चाक आधी एखाद्या पातळ फळीवर घ्यावे, म्हणजे गेलेली उंची परत मिळते. बॅगा आणि गॅसची टाकी आधी उतरवावी, हे वेगळे सांगायला नको, तरी लोक ती तशीच ठेवून झटत असतात.

‘पण साइड स्टँड असताना एवढा खटाटोप कशाला?’ असे अनेक जण विचारतात. चेन साफ करून तेल द्यायचे तर मागचे चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. इंजिन ऑइलची पातळी गाडी सरळ उभी असतानाच खरी कळते. पुण्यातल्या पार्किंगमध्ये कललेली गाडी दुसऱ्याची जागा खाते, आणि शेजारच्याने आपली गाडी काढताना धक्का दिला की साइड स्टँडवरच्या गाड्यांची रांगच्या रांग आडवी होते. चेन साफ करताना मात्र इंजिन सुरू ठेवून चाक फिरवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते ती अत्यंत घातक आहे. फडके चेनमध्ये ओढले जाते आणि त्यासोबत बोट दातेरी चाकात जाते. इंजिन बंद करून चाक हातानेच फिरवावे. स्कूटरच्या बाबतीत तर आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण डबल स्टँडवर सुरू केलेल्या स्कूटरचे मागचे चाक ॲक्सिलरेटर थोडा पिळला तरी फिरू लागते. जवळ लहान मूल किंवा लोंबणारी ओढणी असता कामा नये.

आमच्या आईवडिलांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. 1972 मध्ये आलेल्या बजाज चेतकला मधलाच, म्हणजे डबल स्टँड असे, त्यामुळे नोकरदार बाया-माणसे रोज कचेरीच्या दारात तो लावत आणि काढत. दसऱ्याला गाड्या धुऊन, डबल स्टँडवर ओळीने लावून, झेंडूच्या माळा घालण्याची रीत आजही वाड्यांतून आणि सोसायट्यांतून आहे. त्या दिवशी तरी घरातल्या प्रत्येकाने आपापली गाडी स्वतः लावावी, असे मला मनापासून वाटते. आरटीओच्या परीक्षेत आठ काढून दाखवावा लागतो, तो दाखवायलाच हवा; परंतु गाडी हातात देताना विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एकदा डबल स्टँड लावून घेतला तर त्याची दहा मिनिटेही जाणार नाहीत.

काही कंपन्यांनी हा स्टँड काढूनच टाकला आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकला तो नाही, कारण वळणावर खूप कलणाऱ्या गाडीखाली तो जमिनीला घासेल, वजनही वाढवेल. अशा गाडीसाठी ते मला मान्य आहे. तिची चेन साफ करायला मागचे चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड, म्हणजे पॅडॉक स्टँड, विकत घ्यावा लागतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. रोज कामावर, शेतावर आणि बाजाराला जाणाऱ्या गाडीवरून मात्र तो काढू नये. तिथे त्याची गरज रोजची आहे.

उतरवतानाही घाई नको. आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा, मग डावीकडे उभे राहून हँडल सरळ धरावे आणि गाडी पुढे ढकलावी. मागचे चाक टेकताक्षणी पुढचा ब्रेक दाबावा. गाडी तोल गेल्यासारखी वाटली तर आपल्या अंगाकडे घ्यावी, ती साइड स्टँडवर अलगद टेकते. सीटवर बसून पुढे झोकांडी देण्याची पद्धत हलक्या गाडीला चालते, पण पाय जमिनीला पुरत नसतील तर तो धोका पत्करू नये.

पावसाळा संपला की बोल्टजवळची माती धुऊन तिथे ग्रीस द्यावे आणि स्प्रिंग सैल पडली आहे का ते पाहावे. सैल स्प्रिंगमुळे स्टँड खड्ड्यात आपटत राहतो. वर्षानुवर्षे घासून स्टँडचे पाय झिजले असतील तर मागचे चाक जमिनीवरून सुटत नाही. फॅब्रिकेशनवाला थोड्या पैशांत खाली लोखंडी पट्टी वेल्ड करून देतो, मात्र दोन्ही पायांना सारख्याच जाडीची पट्टी लावली आहे ना, हे दुकानातच गाडी स्टँडवर लावून पाहून घ्यावे.