फसेरो की हिल? एका आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. माँट्रियल एक्सपोज आणि न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघांमधल्या, फासे आणि कार्डांवर खेळल्या जाणाऱ्या आमच्या अंतिम मालिकेविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. फाशांवर चालणाऱ्या लीगचे भाकीत करणे म्हणजे नाणेफेकीवर अग्रलेख लिहिणे होय, हा पहिला. माँट्रियलचा पिचर (चेंडू टाकणारा) पेड्रो मार्टिनेझ ‘सध्या लयीत आहे’ हे विधान निरर्थक आहे, हा दुसरा. आणि 16 सामने जिंकलेल्या केन हिलऐवजी पहिल्या सामन्यात माँट्रियलचाच दुसरा पिचर जेफ फसेरो याला उतरवण्याचा सल्ला हास्यास्पद आहे, हा तिसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. या खेळात प्रत्येक खेळाडूचे त्याच्या खऱ्या हंगामातल्या आकड्यांवरून बनवलेले कार्ड असते, आणि कार्डाला कालचा सामना आठवत नसतो. आमच्या उपांत्य मालिकेत मार्टिनेझने दोन सुरेख सामने टाकले खरे, पण त्यामुळे त्याच्या कार्डावरचा एक आकडाही बदललेला नाही. वर्तमानपत्री क्रीडावार्तांकनाची सवय हाताला लागलेली असते, तीच तिथे उतरली. ते वाक्य मी काढून टाकले आहे.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. आपल्याला पार्श्वभूमी ठाऊक आहेच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 12 ऑगस्ट 1994 रोजी मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूंचा संप सुरू झाला आणि 14 सप्टेंबरला उरलेला हंगाम रद्द झाल्याचे जाहीर झाले. 1904 नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, झाली नाही. त्या वेळी एक्सपोज 74 विजय आणि 40 पराभवांसह सर्वांच्या पुढे होते, तर त्या दोनपैकी अमेरिकन लीगमध्ये यांकीज 70 विजय आणि 43 पराभवांसह पहिले होते. तो अपुरा हंगाम आम्ही काही मित्रांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर, म्हणजे हॅल रिचमन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलेल्या खेळावर, पूर्ण केला आणि हेच दोन संघ अंतिम मालिकेत आले.

या खेळात तीन फासे एकदम टाकतात. पांढऱ्या फाशावर 1 ते 3 आले तर फलंदाजाच्या कार्डावरचा रकाना वाचायचा, 4 ते 6 आले तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ ठरवते. सातची बेरीज 36 पैकी 6 वेळा येते, बाराची एकदाच. त्यामुळे होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) सातच्या ओळीत छापलेला आहे की बाराच्या, यावर बरेच काही अवलंबून असते. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. इथे मात्र फलंदाज आणि पिचर यांची जोडी बदलली की नाणेच बदलते. मालिकापूर्व लेखाचे काम ही नाणी पारखण्याचे आहे, ती कशी पडतील हे सांगण्याचे नाही. लेखातली ‘माँट्रियल साठ टक्के’ ही जिंकण्याची शक्यता आपल्याला पळवाट वाटली, पण तो साधा हिशेब आहे. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 55 टक्के धरली, तर सात सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता सुमारे 61 टक्के येते. याचा अर्थ दहापैकी जवळजवळ चार वेळा यांकीज जिंकतील, आणि तसे झाले तरी माझा अंदाज चुकला असे मी मानणार नाही. (आपण मानाल, याची मला खात्री आहे.)

आता फसेरो. हिलचा 16 विजय आणि 5 पराभवांचा हिशेब खराच आहे, पण विजय कार्डावर उतरत नाहीत. सामना जिंकण्यासाठी पिचरच्या पाठीशी फलंदाजांनी धावा कराव्या लागतात, आणि त्या वर्षीच्या माँट्रियलकडे मोइसेस अलू आणि लॅरी वॉकर होते. कार्डावर उतरतात ते पिचरने दिलेले हिट (यशस्वी फटके), वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा पहिला तळ), होम रन आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). फसेरोचे विजय केवळ 8, तरी त्याची धावांची सरासरी (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितके चांगले) 2.99 होती आणि हिलची 3.32. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फसेरो डावखुरा आहे, आणि यांकीजचे पॉल ओ’नील (फलंदाजीची सरासरी .359, त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक), वेड बॉग्ज (.342) आणि डॉन मॅटिंग्ली हे तिघेही डावखुरे फलंदाज आहेत. आम्ही प्रगत नियमांनी खेळतो. त्यात प्रत्येक कार्डाला डावखुऱ्यांविरुद्धची आणि उजव्यांविरुद्धची अशी दोन वेगळी अंगे असतात. डावखुऱ्या फलंदाजाला सहसा उजवा पिचर सोपा जातो; म्हणून उजव्या हिलसमोर या तिघांची चांगली अंगे उघडतात, फसेरोसमोर ती झाकलेली राहतात. पहिल्या सामन्याचा पिचर मालिकेत पुन्हा लवकर हाताशी येतो, म्हणून हा लाभ आधीच घ्यावा, एवढेच माझे म्हणणे होते.

आपण न उचललेला, पण उचलायला हवा होता असा एक मुद्दा मीच सांगतो. पिचरच्या कार्डावर काही ठिकाणी निकाल छापलेला नसतो, ‘शॉर्टस्टॉप एक्स’ एवढेच असते (शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक). मग वीस बाजूंचा फासा टाकून क्षेत्ररक्षकाच्या श्रेणीप्रमाणे निकाल काढायचा. माँट्रियलचा शॉर्टस्टॉप विल कॉर्डेरो फलंदाजीत गुणी आहे, क्षेत्ररक्षणात बेताचा. उपांत्य मालिकेच्या चौथ्या सामन्यात आठव्या इनिंगला हाच ‘एक्स’ आला, वीसबाजूंचा फासा टेबलाच्या कडेला जाऊन थांबला, आणि दुहेरी बादच्या जागी दोन धावा गेल्या. पिचर त्या चेंडूवर कोणीही असता तरी तेच झाले असते. साठ टक्क्यांचा अंदाज करताना मी ही उणीव पुरेशी मोजली नव्हती. आता आकडा 57 वर आणला आहे.

पहिला सामना शनिवारी रात्री आहे. फसेरोच उतरेल, आणि कॉर्डेरोला आघाडी असताना सातव्या इनिंगनंतर बसवावे की नाही, यावर आपले मत मला खरोखरच हवे आहे.