वीस ग्रॅमचा श्रावण

आषाढी एकादशीला आमच्या घरी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याच्या गोड चकत्या आणि रात्री, थकवा येऊ नये म्हणून, दोन केळी असा कडक उपास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका प्रयोगशाळेत रक्त देऊन आलो. अहवालात एचबीए१सी ६.१ निघाले. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो, त्यामुळे सगळे खापर एकट्या एकादशीवर फोडण्याचीही सोय राहिली नाही. त्या दोन-तीन महिन्यांतच आंबा येतो, ही माहिती मी डॉक्टरांना आपण होऊन दिली नाही.

डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही त्या उंबरठ्यावर बसलेले आहात, आत येऊ नका. भात-पोळी जरा कमी करा आणि रोज चाला. हा 'जरा' मला मानवला होता. परंतु त्याच संध्याकाळी घोडबंदर रोडवर राहणारा माझा पुतण्या घरी आला. त्याने स्वतः अकरा किलो वजन घटवले असल्याने त्याच्या बोलण्याला नवख्या कीर्तनकाराचा जोर चढला होता. "काका, जरा वगैरे काही नसतं. दिवसाला वीस ग्रॅम कार्ब. बास." मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारले. त्यांनी मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या पाहिल्या, मला साखरेच्या गोळ्या चालू नाहीत याची खात्री केली (चालू असत्या तर डोस बदलल्याखेरीज असले धाडस करू दिले नसते, असेही बजावले) आणि दीड महिना करून पाहायला परवानगी दिली. मी एका कंपनीच्या हिशेब विभागात एकोणतीस वर्षे काढली आहेत. वीस ग्रॅमचे अंदाजपत्रक सांभाळणे मला अवघड वाटले नाही. मी शंभर पानी वही आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणला आणि बायकोच्या ओट्यावर अतिक्रमण केले.

पहिल्याच सकाळी अंदाजपत्रक कोसळले. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. म्हणजे सकाळी साडेआठला एक पोळी खाल्ली की माझा दिवस संपला. उरलेले साडेपंधरा तास मी केवळ हजेरी लावायची. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात अठ्ठावीस. अर्धा कप दुधाचा दोन चमचे साखर घातलेला चहा पंधराच्या घरात जातो, आणि मी दिवसातून असे चार चहा पीत होतो. या गणितात आमच्या घरातली सर्वांत धोकादायक वस्तू मला सापडली, ती म्हणजे बायकोची 'चिमूटभर साखर'. ती आमटीत पडते, कोशिंबिरीत पडते, पालेभाजीत पडते, आणि पूर्वीपासून पडत आली असल्यामुळे तिला ती साखर घातल्याचे आठवतही नाही. "साखर घातलीस का?" असे विचारले की ती पूर्ण प्रामाणिकपणे म्हणते, "नाही हो, चवीपुरती."

आषाढाचे उरलेले दिवस मी मासे खाऊन काढायचे ठरवले, कारण माशात कर्बोदके जवळजवळ शून्य. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, त्यामुळे या काळात ताजा मासा कमी आणि भाव डोळे पांढरे करणारा, हे ठाण्यात कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही मी चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या नेहमीच्या मासेवालीकडून बोंबील आणले आणि ते तांदळाचे पीठ न लावता तळण्याचा हुकूम सोडला. बोंबील हा निम्म्याहून अधिक पाणीच असलेला जीव आहे. पीठ हा त्याचा दागिना नाही, ते त्याचे हाडाचे काम करते. तव्यावर पडताच त्याने अंग सोडले, पाणी सोडले आणि मग तव्याला असा धरून बसला की उलथन्याने निघाला तो लांबट खरवडीच्या स्वरूपात. मी ती खरवड हळद-तिखटासकट खाल्ली. बायकोने तो तवा दोन दिवस भिजत घातला होता. पुढच्या खेपेला मासेवालीला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "दादा, पीठ नाय लावायचं तर बोंबील तळायचा कशाला? कालवण कर ना." एकूण प्रकरणातला हा सर्वांत समंजस आहारसल्ला होता. पुढे सुक्या जवळ्याकडे वळलो. जवळा पूर्ण निर्दोष, पण तो परतायला जवळ्याइतकाच कांदा लागतो आणि शंभर ग्रॅम कांद्यात नऊ ग्रॅम असतात. कांदा न घालता केलेल्या जवळ्याविषयी मी काही लिहीत नाही, कारण खालच्या मजल्यावर मराठी वाचणारी माणसे राहतात.

पहिल्या आठवड्यात माझे वजन अडीच किलोंनी उतरले आणि मी इमारतीच्या जिन्यात भेटेल त्याला ते सांगू लागलो. पुतण्याने फोनवर पाणी ओतले. खरे म्हणजे पाणी काढले. यकृत आणि स्नायू मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणी जाते. "म्हणजे काका, चरबी अजून जागच्या जागी आहे." त्या पाण्याबरोबर मीठही जात असल्याने चौथ्या दिवशी माझे डोके असे ठणकू लागले की ठाणे स्थानकाच्या पुलावर मी मधल्या पायरीवर उभा राहिलो आणि मागून येणारी गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी, नदी खडकाला वळसा घालते तशी, निघून गेली. मीठ घातलेले लिंबूपाणी आणि पातळ ताक यांवर दोन दिवसांत ते थांबले. दुसऱ्या आठवड्यात बायकोने माझ्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या बाटलीसारखा वास येतो, अशी तक्रार केली. ती मी अभिमानाने वहीत नोंदवली, कारण तो वास ॲसिटोनचा असतो आणि शरीर चरबी जाळू लागले की यकृत जे कीटोन तयार करते त्यांतलाच तो एक. आईने बडीशेप पुढे केली. मी ती काट्यावर ठेवली. आईने काट्यासकट बडीशेप उचलून नेली.

आणि मग दीप अमावस्या आली, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण.

आमच्या घरी श्रावणात मासे नाहीत, कोंबडी नाही, अंडे नाही. म्हणजे माझ्या वहीत शून्य आकडा असलेले जवळपास सर्व पदार्थ एका रात्रीत सोवळ्याबाहेर गेले. राहिले पनीर, तूप आणि मी. पाठोपाठ श्रावणी सोमवार आला. सकाळी फोडणीत जिरे तडतडले, हिरवी मिरची पडली, दाण्याच्या कुटात घोळवलेला साबुदाणा कढईत उतरला, आणि वाफेवर त्याचे पांढरे मणी एकेक करून काचेसारखे होत गेले. मी दारात उभा राहून ते पाहत होतो. कोरड्या साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये अठ्ठ्याऐंशी ग्रॅम कर्बोदके असतात. टॅपिओकाच्या कंदातून बाकी सगळे धुऊन काढून निव्वळ पिष्ट उरवायचे, ही त्याची कृती. आई म्हणाली, "अरे, उपासाला चालतं, मग तुला का चालत नाही?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून मी आईला इतिहास सांगितला. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या एका स्थूल गृहस्थाने ब्रेड, साखर, बटाटे, बिअर सोडून वजन उतरवले आणि त्याविषयी पुस्तिका छापली; ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्याला त्याच्या नावावरून आलेले क्रियापद वापरतात. त्याचा धंदा अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा होता, हे मी आईला सांगायला नको होते. पुढे अपस्माराच्या रुग्णांना उपाशी ठेवल्यावर झटके कमी होतात असे डॉक्टरांच्या लक्षात आले. पण माणसाला कायम उपाशी ठेवता येत नाही, म्हणून १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासाची नक्कल करणारा, भरपूर चरबीचा आणि अत्यल्प कर्बोदकांचा आहार सुचवला आणि त्याला 'कीटोजेनिक' हे नाव दिले. "म्हणजे मी खातो तो खरा उपास आहे," मी समारोप केला. आई खिचडीवर ओले खोबरे पेरत शांतपणे म्हणाली, "मग तो उपास झाला की संध्याकाळी सोड, आणि आमच्यासारखा जेव."

मात्र त्या दिवशी एक शोध लागला. आईच्या उपासाच्या यादीतले आणि पुतण्याच्या यादीतले समान पदार्थ मी वहीत आखणी करून काढले, तेव्हा काकडी, दही, शेंगदाणे, ओले खोबरे आणि तूप एवढे उरले, आणि हे पाचही एका भांड्यात घातले की खमंग काकडी होते. काकडी चोचवून बारीक चिरायची, पिळून पाणी काढायचे, कूट-खोबरे मुठीने नव्हे तर चमच्याने मोजून घालायचे, थोडे दही, हिरवी मिरची, वरून तूप-जिऱ्याची चरचरीत फोडणी, आणि बायकोचा हात साखरेच्या डब्याकडे जाण्याआधी भांडे उचलून गॅलरीत पळायचे. श्रावणातले माझे निम्मे आयुष्य या एका पदार्थावर तगले.

उरलेले निम्मे रानभाज्यांनी तारले. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या बाजूच्या आदिवासी बाया ठाण्याच्या बाजारात फोडशी, कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात, आणि पाल्यात कर्बोदके इतकी थोडी असतात की जुडीच्या जुडी खाल्ली तरी वही हरकत घेत नाही. गेली कित्येक वर्षे जांभळी नाक्यावर मी या भाज्यांकडे न पाहता बटाटे घेत आलो होतो. आता मी त्या टोपल्यांसमोर उकिडवा बसून चौकशा करू लागलो, आणि प्रत्येक बाई भाजी कशी करायची ते सांगताना शेवटी न चुकता म्हणू लागली, "वरून थोडं बेसन पेरायचं." बेसन! या पिठाने माझा जेवढा विश्वासघात केला तेवढा साखरेनेही केला नाही. साखर निदान तोंडावर गोड असते. बेसन डाळीचे, डाळ प्रथिनांची, म्हणून मी पहिल्या दिवसापासून पिठल्याकडे म्हातारपणाची काठी म्हणून पाहत होतो. आणि काटा म्हणाला की शंभर ग्रॅमला अठ्ठावन्न. पिठले, झुणका, अळूवडी, कढी, पीठ पेरलेली सिमला मिरची, सगळे एकदम वारले. अळूची पाने मात्र चालतात. बेसन, गूळ आणि चिंच वगळून केलेली अळूवडी म्हणजे गुंडाळी केलेले ओले पान. ती वाफवली तरी पान राहते आणि तळली तरी पान राहते.

फ्लॉवरच्या भाताचा प्रयोग पुतण्याच्या आग्रहावरून झाला. फ्लॉवर किसून तुपावर परतला की भातासारखा दिसतो, हे खरे आहे. तो भात म्हणून ताटात वाढून त्यावर वरण ओतायची सवय हाताला असते, आणि वरणही तुरीच्या डाळीचे असल्याने चालत नाही, हे खरोखरचे दुःख आहे. मी त्यावर नुसते तूप आणि मेतकूट घेतले, मग मेतकुटात तांदूळ आणि डाळी असतात हे आठवून ते बोटाने बाजूला सारले. उरलेल्या पांढऱ्या ढिगाकडे आईने काही काळ पाहिले आणि विचारले, "याला ताप आलाय का?"

ऑफिसात चारच्या सुमाराला वडापाव येतो. त्यातला पाव गेला, वरचे आवरण बेसनाचे म्हणून गेले, आतला बटाटा गेला; तळलेली मिरची मात्र माझ्याकडे राहिली. सहकारी आपापल्या मिरच्या मला आणून देऊ लागले. एका शनिवारी मात्र मला राहवेना आणि तहसील कचेरीच्या रस्त्याला मिसळीच्या वासाने मी आत खेचला गेलो. वेटरला मी सविस्तर सांगितले: पाव नको, फरसाण नको, मटकी नको, बटाटा नको, कांदा अगदी थोडा, फक्त तर्री. त्याने फडका खांद्यावर टाकला, माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि म्हणाला, "साहेब, मग मिसळायचं काय?"

मी तर्री वाटीने प्यालो. घाम कपाळावरून वहीवर पडला.

नारळी पौर्णिमेला नारळी भात झाला, गोकुळाष्टमीला पोह्यांचा काला झाला, ते दोन्ही मी वास घेऊन साजरे केले. या काळात वजन ८४ वरून ७९ वर आले. पट्ट्याला एक भोक नवीन पाडावे लागले आणि ते पाडताना मला इतका आनंद झाला की मी हातातली पाच बदामांची संध्याकाळ विसरलो. दीड महिन्याची परवानगी संपायला चार दिवस होते, आणि गणेश चतुर्थी उजाडली.

स्वयंपाकघरात सकाळपासून आई पाटावर बसून उकड मळत होती. तेलाचे बोट, पाण्याचे बोट, आणि तळव्यावर फिरत पातळ होत जाणारी पारी. मग चिमटीने पाडलेल्या एकवीस पाकळ्यांची मोदकाला चढणारी शेंडी. आरती झाली, नैवेद्य झाला, पाने मांडली. मी आधीच आईला समजावून ठेवले होते, की पारी तांदळाची म्हणून चालत नाही आणि सारणात गूळ म्हणून तेही चालत नाही.

"मग तुला चालतं काय?"

"वरचं तूप."

"बरं, तूप तर तूप," असे म्हणून आईने माझ्या पानात मोदक ठेवला, त्याची शेंडी दोन बोटांनी अलगद फोडली आणि आत कढत साजूक तुपाची धार धरली. पांढऱ्या पारीतून पिवळा ओघळ पानावर उतरला. मी म्हणालो, "आई, हे मोदकासकट आहे."

"तूप पातळ आहे रे," ती म्हणाली. "त्याला धरून ठेवायला खाली काही नको का?"

मी पानाशेजारची वही उघडली आणि लिहिले: 'तूप, दोन चमचे. शून्य.' जेवण संपेपर्यंत तुपाच्या अशा पाच नोंदी झाल्या.